पिनी काढ रे!

वैशाखात, हापूसच्या पेट्या भरण्याच्या ऐन धांदलीत, कुणकेश्वरला दुपारनंतर कधीतरी आभाळ काळं होतं. आणि मग घराघरातून एकच आरोळी... "गडगडूक लागला, पिनी काढ रे!" टीव्हीची पिन, फ्रिजची पिन, डिशची वायर, सगळं भिंतीपासून सुटं होतं. विजेनं एकदा टीव्ही जाळलेल्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

तर मंडळी, आजचा विषय बॅकअप. कंटाळवाणा आहे, कबूल. पण डेटा वाचवायचे जेवढे नियम आम्ही सॉफ्टवेअरवाले सांगत फिरतो, त्यातला सगळ्यात कामाचा नियम वरच्या आरोळीत आहे, आणि नेमका तोच लोक पाळत नाहीत.

माझ्या काकांचंच बघा. घर कुणकेश्वरला, धंदा आंब्याचा. कॉम्प्युटरवर एक एक्सेल फाईल, त्यात पंधराएक वर्षांची गिऱ्हाईकं. कुणाला किती डझन, कुणाला कच्चाच हवा, कुणाचा पत्ता बदलला, कुणाचे पैसे यायचेत. दुसऱ्या फाईलीत फवारणीच्या नोंदी. निर्यातीचा माल द्यायचा तर कुठल्या कलमावर काय, कधी मारलं हे दाखवावं लागतं. या दोन फाईली गेल्या तर झाडावर आंबे असून सीझन गेला म्हणायचा.

काका तसे शिस्तीचे. रोज रात्री दोन्ही फाईली पेन ड्राइव्हवर. पण पेन ड्राइव्ह कुठे? सीपीयूच्या मागे, बारा महिने खोचलेला! म्हणजे वीज पडली तर दोघांवर एकदम, व्हायरस आला तर दोघांना एकदम, चोरानं डबा उचलला तर पेन ड्राइव्ह फुकट. गडगडलं की काका टीव्हीची पिन आधी काढतात, कॉम्प्युटरची पण काढतात. मॉडेमकडे येणारी तांब्याची तार तशीच. वीज तिथूनही आत येते. (आता फायबर आलंय त्यांना तारेची भीती नाही, पण मॉडेमच्या अडॅप्टरची पिन काढावीच लागते.)

हे फक्त खेडेगावातलं नाही बरं का. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. आपल्याकडे न्हावा-शेव्याला, जेएनपीटीतल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम त्यानं ठप्प केलं. ते टर्मिनल चालवणारी कंपनी मर्स्कच्या समूहातली. मर्स्कचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते. कोण कर्मचारी, कुणाला कशात प्रवेश, ही सगळी माहिती ठेवणारी ही मशिनं. प्रत्येक जण दुसऱ्याची नक्कल ठेवत होता, म्हणजे एक गेला तर बाकीचे आहेतच! पण सगळे एकाच जाळ्यात, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. का? तर त्या वेळी तिथे लाईट गेली होती!

पुढची गंमत म्हणजे घानातून इंटरनेटवरून तो डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते, आणि तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली, तो लंडनला. आपण एसटीच्या ड्रायव्हरकडे आंब्याची पेटी देतो ना, अगदी तस्सं.

"पण माझं सगळं गुगल ड्राइव्हवर आहे" असं म्हणणारे भेटतात. चांगलंय की. पण ती नक्कल कॉम्प्युटरला जोडलेली असते. इथे फाईल पुसली की तिथेही पुसली जाते, कचऱ्याच्या टोपलीत ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. सीझन संपल्यावर चुकून पुसलेली यादी पुढच्या फाल्गुनात आठवली तर काय करणार? शिवाय मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा देवगड-मालवणात लाईट आणि रेंज दोन्ही गायब. ढगातला डेटा ढगातच! दोनच महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूण बुडालं. तिथे उलटं. घरातली कॉपी घराबरोबर पाण्यात. म्हणून एक घरात आणि एक दुसऱ्या गावात, दोन्ही पाहिजेत. पीटर क्रो या अमेरिकन फोटोग्राफरनं याचा ३-२-१ असा हिशेब करून ठेवलाय : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. यात मी माझी एक अट घालतो, निदान एक प्रत वायरीपासून सुटी.

आणि ती उघडून बघायची. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा उडवला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड चालेना. रोजचा बॅकअप तर केव्हापासून होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारी ईमेलही कुणाला पोचत नव्हती. शेवटी सहा तासांपूर्वीची एक कॉपी सापडली, ती वेगळ्याच कामासाठी काढलेली.

बाकी बारीकसारीक : लिहिताना दर परिच्छेदाला कंट्रोल-एस, इथल्या लाईटचा भरवसा नाही. यूपीएस घ्या, पण ती पाच-दहा मिनिटं नीट बंद करण्यासाठी, सिनेमा संपवण्यासाठी नाही. पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' केल्याशिवाय उपटू नका. कॉपी झाली असं दिसलं तरी शेवटचा तुकडा मेमरीतच असू शकतो.

काकांकडे आता दोन हार्ड डिस्क आहेत. खाऱ्या हवेत धातू गंजतो, म्हणून झिपच्या पिशवीत, नव्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्यांसकट. एक कपाटात, दुसरी कणकवलीला मुलीकडे. ती महाशिवरात्रीच्या यात्रेला येते तेव्हा तिच्याकडची घेऊन येते. देवदर्शन झालं की तिच्या लॅपटॉपवर फाईल उघडून दहा-बारा नावं मोबाईलशी ताडून बघतात, डिस्कांची अदलाबदल होते आणि मग सीझन सुरू.

फोनमधल्या फोटोंचं मात्र अजून काही ठरलेलं नाही. काकू म्हणते, आधी ते 'शुभ सकाळ' पुसा, मग बघू काय उरतं ते.