चलनवलन

आम्ही बँकेतली माणसं. 'चलन' म्हटलं की आम्हाला नोटा आठवतात; सातिवलीच्या स्कूटरवाल्याला दंड आठवतो. शेजारच्या नानांनी तो कोर्टात रीतसर भरला, पण पावती उंदरांनी खाल्ली. आता स्कूटर विकायची, तर गिऱ्हाईक पुरावा मागतंय! खटल्याचा कागद चौकीत नव्हे, वसईच्या कोर्टात असतो. खटल्याचा नंबर घालून नकलेचा अर्ज करायचा, फी भरायची, की शिक्क्याची प्रत मिळते. नंबर हरवला? ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधायचं. 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर सापडतो. नाना करवादले, "दंडापेक्षा रिक्षाभाडं जास्त झालं हो!" म्हटलं, "नाना, शाळेत कॉपी केली की शिक्षा व्हायची. इथं शिक्षा झाली की कॉपी मिळते!"