बल्ब जास्त उजळला तेव्हा

सूरजागडला राहायला आले तेव्हा घरातली वीज एकतर असते किंवा नसते, एवढंच मला ठाऊक होतं. इथे म्हणतातही तसंच: लाईन आली, लाईन गेली. पण आलेली लाईन कमी असू शकते, जास्त असू शकते, नको त्या वाटेनेही घरात शिरू शकते. हे सगळं मला कळलं ते टीव्हीच्या पडद्यामुळे.

मी शिकवते. वर्गातली माडिया मुलं आज्यांकडून ऐकलेल्या गोष्टी सांगतात, त्या मी कॅमेऱ्यात टिपते आणि संध्याकाळी घरी टीव्हीवर लावते. मुलं येतात, त्यांच्या आया येतात. त्यामुळे टीव्ही, डीडी फ्री डिशचा बॉक्स, अंगणातली छत्री आणि कॅमेरा हे सगळं माझ्या कामाचं सामान. ते रुसलं की संध्याकाळ वाया जाते. आणि रुसण्याच्या तऱ्हा तरी किती! पडद्यावर फिकट आडवे पट्टे सावकाश वर सरकत, सोबत स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज. दिवेलागणीला बॉक्स आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई. बॉक्सच्या मागच्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिण्या येत. कॅमेऱ्यातल्या चित्रणात आणखी वेगळेच काळे पट्टे. एकाने स्टॅबिलायझर घ्या म्हटलं, दुसऱ्याने छत्री फिरवायला सांगितली, तिसरा म्हणाला टीव्हीच बदला. तिन्ही सल्ले मला सारखेच खरे वाटत होते, आणि पैसे एकापुरतेही नव्हते.

एटापल्लीहून आलेल्या वायरमनदादांनी पेचकस पिशवीतून काढलाच नाही. "मॅडम, टीव्हीकडे नका पाहू जी," ते म्हणाले. "आधी बल्बाकडे पाहा."

संध्याकाळी त्यांचं मीटर १७० व्होल्टच्या आसपास दाखवत होतं. घरात यायला हवेत २३०. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. १९८२ पर्यंत आमचा गडचिरोली भाग त्याच जिल्ह्यात होता. एवढी वीज जवळ तयार होते, मग माझा दिवा मिणमिणता का, हे कोडं मला सुटत नव्हतं. दादांनी ते वहीच्या पानावर सोडवलं. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, घरापर्यंतची तार लांब आणि बारीक असेल, तिचा जाण्यायेण्याचा मिळून रोध २ ओहम धरा. त्या तारेवरच्या घरांनी मिळून १५ अँपिअर ओढले की ३० व्होल्ट वाटेतच संपतात. वीज कुठे तयार होते याला इथे फारसं महत्त्व नाही, शेवटच्या तारेला आहे. त्यात धानाच्या गिरणीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि त्याच क्षणी बॉक्स मान टाकतो.

मग त्यांनी टीव्ही उलटा करून मागची पट्टी वाचायला लावली: १०० ते २४० व्होल्ट. बॉक्सच्या अडॅप्टरवरही तेच. म्हणजे १७० व्होल्टवर माझं सामान सुखाने चालू शकत होतं, अडचण होती ती फक्त त्या क्षणभराच्या गचक्याची. स्टॅबिलायझरची गरज नव्हती. बॉक्स १२ व्होल्टवर चालतो, तेव्हा वायफायच्या राउटरला लावतात तसली छोटी यूपीएस पुरली. माझ्या मते आजच्या एलईडी टीव्हीला स्टॅबिलायझर विकण्याआधी प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाला ती मागची पट्टी दाखवायला हवी.

सरकणाऱ्या पट्ट्यांचं मूळ शोधायला एकेक केबल काढत गेलो. छत्रीची केबल काढली, बॉक्सचा मेनू पडद्यावर ठेवला, आणि पट्टे गायब. छत्रीचा लोखंडी खांब जमिनीत रोवलेला, घराचं अर्थिंग मात्र नावापुरतं. त्या दोन ठिकाणांमध्ये काही व्होल्टचा फरक पडत होता आणि त्यामुळे केबलच्या जाळीतून थोडा करंट फिरत होता, सेकंदाला ५० हेलकावे घेत. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या चित्राची, म्हणजे पिवळ्या पिनेच्या केबलमधून येणाऱ्या चित्राची, लयही सेकंदाला ५० चीच. दोन्हींत अगदी थोडा फरक राहतो, म्हणून पट्टा सावकाश वर सरकल्यासारखा दिसतो. झिणझिण्यांचं कारणही अर्थिंगचंच. अशा अडॅप्टरच्या आत एक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसेल तर त्यातून बॉक्सच्या पत्र्यावर साधारण निम्म्या व्होल्टेजची चाहूल येते. करंट अगदी थोडा, पण चालू स्थितीत केबल खोचली तर टीव्हीचं पोर्ट जळायला तो पुरू शकतो. म्हणून केबल लावताना-काढताना मी आता सगळं बंद करते.

सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा. अशा जमिनीत अर्थिंग आपोआप उत्तम होणार, असं कुणालाही वाटेल. पण हे खनिज म्हणजे हेमटाइट, लोखंडाचा ऑक्साइड. धातूसारखी वीज ते वाहून नेत नाही. वरचा मुरूम उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो. दादांनी खोल खड्डा घेतला, पाइप उतरवला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहायला सांगितलं. छत्रीचा खांब त्याच अर्थिंगला जोडला, टीव्ही आणि बॉक्स एकाच बोर्डावर घेतले. पट्टे गेले, आवाज गेला, झिणझिण्याही गेल्या.

चित्रणातले काळे पट्टे मात्र राहिले. तेच चित्रण एटापल्लीत दुसऱ्या टीव्हीवर लावून पाहिलं, तिथेही तसेच. म्हणजे ते कॅमेऱ्यातूनच येत होते. साधा एलईडी दिवा आपल्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की झालं.

या सगळ्यात खरी भीती वाटावी अशी गोष्ट मला एका संध्याकाळी दिसली, आणि ती दिसायला फार छान होती. शेजारच्या घरी हीटर लागला आणि आमचा बल्ब मंद व्हायच्या ऐवजी लख्ख उजळला. दादा त्या दिवशी गावातच होते. ते ओरडले, "मेन पाडा मॅडम, लवकर!" पुन्हा मीटर लावलं तेव्हा आकडा ३०० च्या जवळ होता. खांबावर न्यूट्रलचा जोड ढिला झाला होता. न्यूट्रल सुटला की दोन वेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ज्या घरात लोड जास्त तिथे व्होल्टेज कमी, आणि ज्या घरात एक बल्ब नि एक टीव्ही तिथे सगळ्यात जास्त. टीव्हीच्या पट्टीवरचे २४० कधीच ओलांडलेले असतात. लाईनमनने डीपीवरून लाईन बंद करून जोड घट्ट केला, तेव्हा कुठे मेन वर केला.

मंद दिव्याची तक्रार आपण सगळेच करतो, उजळ दिव्याची कुणी करत नाही. तुमच्या घरात शेजाऱ्याची मोटर किंवा हीटर सुरू होताना दिवा अधिक उजळत असेल, तर त्याच क्षणी मेन बंद करा, शेजारच्यांनाही बंद करायला सांगा आणि लाईनमनला बोलवा. खांबावर स्वतः चढू नका, कुणाला चढू देऊ नका.