चिंचोक्यांची मुळं

मोरचूद पाहिलंय कधी? निळेशार, चमकदार खडे! दिसायला खडीसाखरेचे भाऊ, पण जिभेला लावायचे नाहीत हं, विषारी असतात. हा तांब्याचा क्षार. आमच्या कोकणात सुपारीवर कोळेरोग पडू नये म्हणून पावसाळ्याआधी बोर्डो मिश्रण फवारतात. शंभर लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. फवारण्याआधी आजोबा मिश्रणात कोयत्याचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला, की चुना कमी पडला!

मोरचूद भिजवायचं पिंप वर्षानुवर्षं विहिरीमागच्या एकाच कोपऱ्यात धुतलं जायचं. तिथे गवतसुद्धा धड येत नव्हतं. आणि आजोबांना सुपारीच्या रोपांचा वाफा नेमका तिथेच करायचा होता!

"आजोबा, तिथली माती बिघडली असेल."

"अरे, औषध ते! औषधानं कुठे माती बिघडते?"

आजोबांशी वाद कोण घालणार? मी चिंचोके भिजत घातले. धुतलेल्या वाळूचे तीन डबे केले, प्लॅस्टिकचे. (लोखंडावर तांबं चढतं ना!) एकाला साधं पाणी, दुसऱ्याला लिटरभर पाण्यात चिमूटभर मोरचूद, तिसऱ्याला पाव चमचा.

आणि गंमत बघा, तिन्ही डब्यांत कोंब आले! चिंचोक्याच्या दोन जाड दलांत शिदोरी भरलेली असते, तिच्यावर रोप सुरुवातीला निभावून नेतं. आजोबा मिशीत हसले.

तीन आठवड्यांनी रोपं हलकेच उपटली. साध्या पाण्यातलं मूळ लांब, पांढरं, बारीक फाटे फुटलेलं. चिमूटवाल्याचं आखूड, तपकिरी, जवळजवळ बिनफाट्याचं. वर पानं नुसती पिवळट. पाव चमचावालं तर माना टाकून बसलेलं.

तसं झाडाला तांबं लागतंच, पण अगदी कणभर. जास्त झालं की पहिला मार मुळांच्या टोकांना. मुळं बिचारी बरंचसं तांबं स्वतःतच अडवून धरतात, वर जाऊ देत नाहीत. म्हणून तर दुखणं वर उशिरा दिसतं. शिवाय तांबं काही कुजत नाही. मातीत साठतच जातं.

आजोबांनी तिन्ही मुळं तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी वाफा गोठ्याच्या बाजूला खणला. कोपऱ्यात चुना आणि भरपूर शेणखत पडलं. त्यानं मातीतलं तांबं जखडलं जातं, मुळांना कमी मिळतं.

"दिवाळीत आलास की तिथे चिंचोके पेर," निघताना आजोबा म्हणाले, "आणि मुळं मला दाखव."