पिवळ्या पानाचे निदान

संपादकांनी संत्र्याच्या खतांवर लिहायला सांगितले. पण खताच्या आधी पान वाचायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे. काटोल-नरखेडपासून वरुड-मोर्शीपर्यंत बाग पिवळी पडली की झाड उपाशी आहे असे धरून खताचा डोस वाढवला जातो. झाडाला अन्न कमी पडते हे खरे. पण बहुतेक वेळा ते जमिनीत असूनही मुळांना उचलता येत नाही. मग वरून घातलेले खत असमतोल आणखी वाढवते.

नवतीचे पान उजेडासमोर धरा. फिकट पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसली तर लोह कमी आहे. पान लहान, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे असेल तर जस्त. जुन्या पानावर देठाकडे हिरवा त्रिकोण उरला असेल तर मॅग्नेशियम. मॅग्नेशियम जुन्या पानांतून नव्याकडे सरकते. लोह आणि जस्त फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची उणीव आधी नवतीवर दिसते. विदर्भातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा 7.5 ते 8.5 असतो. सामू 1 ने चढला की जमिनीतल्या लोहाची विद्राव्यता साधारण 1000 पटीने घटते. त्यात पावसाळ्यात पाणी साचले की बायकार्बोनेट वाढते, मुळे गुदमरतात. पिवळ्या पानाच्या तपासणीत एकूण लोह कधी कधी हिरव्या पानाइतकेच भरते, कारण आत पोचलेले लोहही निष्क्रिय पडून राहते. अशा जमिनीत स्फुरद वारेमाप टाकला तर जस्त अडते, पालाश अती झाला तर मॅग्नेशियम मागे पडते.

‘फवारणीने बाग हिरवी होते, ते खोटे का?’ असे बागायतदार विचारतात. खोटे नाही. फवारलेली पाने सुधारतात, अडचणीच्या हंगामात फवारणी करावीच. पण जमीन तशीच राहिली तर पुढची नवती पुन्हा पिवळी निघते. जमिनीतून लोह द्यायचे तर डब्यावरचा ‘चिलेटेड’ एवढा शब्द पुरेसा नाही: ईडीटीए स्वरूपातले लोह अशा सामूला टिकत नाही, ईडीडीएचए टिकते. हा फरक विक्रेत्याने सांगायलाच हवा. त्याहून मोठा धोका ग्रीनिंग रोगाचा. त्यातही पान पिवळे पडते. मात्र मधल्या शिरेच्या दोन बाजूंचे डाग सारखे नसतात, अन्नाच्या कमतरतेत ते सारखे असतात. रोगट झाडावर जस्त फवारत राहिलो, तर सिला किडीला रोग पसरवायला तेवढा अवधी मिळतो.

तपासणीत वेळ जातो, हा आक्षेपही मला मान्य आहे. तरी फळ नसलेल्या फांदीच्या शेंड्याकडून दुसरे ते चौथे, सहा-सात महिन्यांचे पान काढून प्रयोगशाळेत पाठवणे आणि जोडीला मातीचा सामू व मुक्त चुना पाहणे, एवढे करायलाच हवे. पाणी साचत असेल तर पहिला खर्च चर खणण्यावर करावा. मुळांना हवा मिळाली की जमिनीत आधीच असलेले अन्न झाडाला उचलता येते. खताचे पुढचे पोते त्यानंतर ठरवावे.