खेळ घडविण्याचा खेळ

पोटाचा उद्योग एक असला तरी मनाचा उद्योग दुसरा असावा, असें जाणते लोक सांगत आले आहेत. कोणी बाग लावितो, कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो. आम्हांस संगणकावर खेळ घडविण्याचा छंद जडला आहे. खेळ खेळणारे पुष्कळ, परंतु पडद्यामागें जाऊन त्याच्या दोऱ्या पाहणारे थोडे. म्हणून नवशिक्याचे हे चार शब्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्या साधनावर आम्ही शिकत आहों त्याचें नांव 'गोदो'. अर्जेंटिनांतील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सुर ह्या दोघांनीं तें रचिलें आणि २०१४ सालीं त्याचा सर्व मूळ मजकूर जगास खुला केला. सॅम्युएल बेकेट ह्यांच्या नाटकांत ज्याची वाट पाहिली जाते आणि जो कधींच येत नाहीं, त्या गोदोचेंच हें नांव. असल्या साधनास गेम इंजिन म्हणतात. चित्र पडद्यावर उमटविणें, आवाज काढणें, दोन वस्तूंची टक्कर ओळखणें हीं कष्टाचीं कामें तें करतें. खेळाची कल्पना व नियम मात्र आपण द्यावयाचे.

येथें प्रत्येक वस्तु 'नोड' नांवाच्या लहान घटकांची बनते. धांवणारा मुलगा हवा असल्यास एक नोड त्याच्या चित्राचा, एक त्याच्या अंगाच्या सीमेचा, आणि ह्या दोहोंस पोटांत घेऊन चालणारा तिसरा. अशा नोडांच्या कुटुंबास 'सीन' म्हणतात.

आम्हीं जो मुलगा प्रथम पडद्यावर उभा केला, तो अधांतरींच राहिला; कारण त्याला वजन म्हणून कांहीं नव्हतें. खालीं कसें पडावें, हेंही आपणच सांगावयाचें: क्षणोक्षणीं त्याच्या पडण्याच्या वेगांत थोडी थोडी भर घालावयाची. पुढें चालण्याचा प्रश्न आला. पडद्यावरील चित्र सामान्यतः सेकंदास ६० वेळां नव्यानें उमटतें. पण कांहीं यंत्रें त्याहून जलद, कांहीं मंद. दर चित्रास सारखेंच पाऊल ठरविलें, तर जलद यंत्रावर मुलगा हरणासारखा पळेल व मंद यंत्रावर रांगेल. म्हणून मागील चित्रापासून किती काळ लोटला, तें इंजिन 'डेल्टा' ह्या नांवानें कळवितें; वेगास त्या काळानें गुणिलें कीं पावलाचें अंतर निघतें. शाळेंत फळ्यावर पाहिलेलें सूत्र येथें पायांनीं चालूं लागलें!

दिवसभराच्या कामानंतर उरणारा एखादा तासच ह्या छंदाच्या वांट्यास येतो; तो पोरखेळांत कां घालवावा, असें स्नेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्याच्याजवळ वेळ थोडा, त्यानें आपले श्रम कोणाच्या शेतांत पेरावे ह्याचा विचार करावाच लागतो. सप्टेंबर २०२३ मध्यें 'युनिटी' ह्या प्रसिद्ध इंजिनाच्या कंपनीनें ठराविक मर्यादेपुढें खेळाच्या प्रत्येक नव्या स्थापनेमागें शुल्क घेण्याचें जाहीर केलें, तेव्हां खेळ घडविणाऱ्यांत मोठी खळबळ उडाली. २०२४ सालीं तें शुल्क रद्द झालें. गोदोचा परवाना निराळा. साधन फुकट, केलेला खेळ करणाऱ्याचा, विकल्यास पैसाही त्याचाच. शिवाय यंत्र उघडून पाहण्यास व बदलण्यास सर्वांस मुभा. मूळ कर्त्यांची नोंद व परवान्याचा मजकूर सोबत ठेविला म्हणजे झालें. आमचा तासभर अशा मोकळ्या रानांत पेरलेला बरा, असें आम्हांस वाटतें.

आमचा पहिला खेळ एवढासाच आहे. झाडावरून आंबे पडतात, मुलगा ते टोपलींत झेलतो, भिंतीपर्यंत धांवतो व परत फिरतो. आमची सात वर्षांची भाची तो दहा मिनिटें खेळली आणि म्हणाली, "मामा, ह्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

तेथें कांहींच नाहीं. काय असावें, हें आतां आम्हांस ठरवावयाचें आहे.