माळ्यावरचा रुमाल

दरसाल १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. यंदाही जागोजाग प्रदर्शने भरतील, व्याख्याने होतील आणि बहुतेक ठिकाणी कोणास मज्जाव नसेल. आम्ही जातो ते किल्ल्यांची छायाचित्रे पाहण्यास नव्हे. वकिलाची दृष्टी कागदावर! (ती खोड आता जावयाची नाही.) गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ सालचे; दिओगो दो कौतो हा त्याचा पहिला दप्तरदार. त्याहून जुना १५२६ चा ‘फोराल’. आफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे परंपरागत हक्क व रिवाज त्यात नोंदविले. आमच्या पूर्वजांचा कायदा परक्या महसुली अधिकाऱ्याने, तोही वसुलीच्या सोयीने, लिहून ठेवावा हा प्रकार मोठा चमत्कारिक खरा. परंतु पुरावा तो पुरावाच.

आणि आमच्या घरोघरच्या मोडी कागदांचे काय? नातवास ते वाचता येत नाहीत, म्हणून वाळवीच्या स्वाधीन होतात. मग शेताची मेर कोठे होती, देवस्थानाची वहिवाट कोणाची, हे सांगणारे कोणी उरत नाही. तेव्हा वाचकहो, नुसती भाषणे ऐकून परतू नका. माळ्यावरचा रुमाल काखेत मारून जा, आणि सभा संपताच मोडी जाणणारा कोणी गाठून त्याच्यापुढे तो सोडा.