नाटक बाजारांत जातें तेव्हां

नाटक म्हटलें कीं आपल्या पांढरपेशा मनापुढें प्रथम पडदा उभा राहतो. तिसरी घंटा, मंदावणारे दिवे आणि हळूच सरकणारा मखमली पडदा, एवढें झाल्यावांचून नाटक सुरू झालें असें आपणांस वाटतच नाहीं. वास्तविक कोंकणांतील दशावतारी मंडळी देवळाच्या आवारांत एका बाकड्यावर सारा खेळ उभा करीत आलीं आहेत. राजा बसला कीं तें सिंहासन, आणि तो उठला कीं पुनः बाकडें!

तरीहि आमच्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळानें गेल्या हिवाळ्यांत आपलें एक कौटुंबिक नाटक नदीकांठच्या बाजारपटांगणावर करावयाचें ठरविलें, तेव्हां माझ्या एका व्यवसायबंधूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, या नाटकाचा सारा जीव कुजबुजण्यांत आहे, ती कुजबूज तुम्ही बाजारांत कशी नेणार?" असा त्यांचा प्रश्न. आक्षेप पोकळ नव्हता. उघड्यावर अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, आणि तो परतवून देणाऱ्या भिंतीहि नसतात. ध्वनिवर्धक लावावा, तर मुलीचें हुंदके देणें तिच्या गळ्यांतून न येतां कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून येतें.

ज्यांना हें साधलें त्यांनीं काय केलें? माक्स राइनहार्टनें १९११ सालीं बर्लिनच्या सर्कसगृहांत केलेलें होफमान्स्टालचें 'येडरमान' १९२० सालीं साल्झबुर्गच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकांत आणलें. मरणाच्या दारीं उभ्या असलेल्या धनिकाच्या नांवाचा पुकारा त्यानें आसपासच्या मनोऱ्यांवरून करविला. आपल्या पुण्यांत जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनीं १९६३ सालीं धर्मवीर भारतींचें 'अंधा युग' दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याच्या अवशेषांत केलें. युद्धाच्या अठराव्या दिवसानंतरचें उद्ध्वस्त हस्तिनापुर दाखवावयास तिथें रंगविलेल्या पडद्याची गरज काय? दोघांनींहि बाहेरच्या जागेलाच नाटकांत एक भूमिका दिली.

आमच्या पटांगणाला मनोरे नव्हते, कोट नव्हता. एक पिंपळ, घाटाच्या पायऱ्या आणि शेजारीं मारुतीचें देऊळ, एवढेंच भांडवल. दिग्दर्शन करणाऱ्या विद्यार्थिनीनें दिवाणखान्याच्या तिन्ही भिंती टाकून दिल्या आणि फक्त एक दाराची चौकट ठेवली. नाटकांत मुलगी बापापासून लपवून एक पत्र वाचते. रंगमंचावर ती पाठ फिरवून तें पुटपुटत असे. इथें ती चौकटीबाहेर पडून वीस पावलें चालत घाटाच्या पायरीपर्यंत गेली आणि तिनें पत्र निःशब्द वाचलें. मागें बाप एकटा उभा राहिला. त्या दोघांमधली मोकळी जमीन पाहून पाठीमागच्या सायकलवाल्यांनासुद्धां सारें कळलें. इतक्यांत देवळांत आरतीची घंटा सुरू झाली. नटी आरती संपेपर्यंत पत्र हातांत धरून तशीच बसून राहिली.

घंटा थांबली, आणि पुढें बसलेली एक भाजीवाली मोठ्यानें म्हणाली, "बाई, त्यो कागद बाला दावूं नगंस!"

नाट्यगृहांत अशा बोलण्याला आपण रसभंग म्हणतों. मला मात्र त्या एका वाक्यांत नाटकाची खरी पावती मिळाली. ती बाई प्रेक्षक म्हणून नव्हे, त्या घरची शेजारीण म्हणून बोलली होती.

हिशेब मांडावयाचा तर तोटाहि मांडला पाहिजे. शेवटीं बापाच्या डोळ्यांत क्षणभर तरळणारें पाणी त्या दिवशीं चौथ्या रांगेपलीकडे कोणालाच दिसलें नाहीं. एक सुंदर संवाद मालमोटारीच्या भोंग्यांत बुडाला. हीं सूक्ष्म सौंदर्यें बंद घरांतच जगतात. त्यांच्यासाठीं नाट्यगृह हवेंच आणि तें नीट राखलेंहि पाहिजे, हें माझ्या मित्रांचें म्हणणें मी आजहि मान्य करतों.

पण ती भाजीवाली तिकीट काढून आमच्या नाट्यगृहांत कधीं येईल असें मला वाटत नाहीं. तिच्या गांवाची शेवटची गाडी साडेसातला सुटते, आणि आमची तिसरी घंटा नऊला होते. तेव्हां वर्षांतून एकदां तरी नाटकानेंच तिच्याकडे जावें, आणि जातांना तिची गाडी चुकणार नाहीं अशी वेळ धरावी.